थंड गाठ

"आजपासून दूध नको," असं म्हणून शिंपीणबाईनं पातेलं उंबऱ्याच्या आत ओढलं आणि गवळणीच्या हातातलं भरलेलं माप तसंच अधांतरी राहिलं.

"का गं? कधी पाणी सापडलं का माझ्या दुधात?"

"तसं नाही बाई. पण तुझं ते दुखणं... बाजारातला लेपवाला म्हणतो, त्या बाईच्या हातचं दूध लेकरांना पाजू नका. लागतं म्हणे."

"लागतं? माझ्या दोन्ही लेकी माझ्या ताटात जेवतात, नवरा शेजारी झोपतो. त्यांना लागलं नाही आणि तुला मापातून लागणार होय?"

शिंपीणबाईनं दार लावून घेतलं. त्या सकाळचं हे सहावं दार. गवळणीनं माप परत कॅनमध्ये ओतलं. ऊन आताच चटके द्यायला लागलं होतं, वाऱ्यानं रस्त्याचा फुफाटा तोंडात जात होता, आणि थुंकायचं तर कोणावर हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तिला ह्या वाटेला लावलं कोणी? त्याच लेपवाल्यानं.

अकरा गायींची कास ती रोज सकाळी चाचपायची. गाईच्या कासेत वाईट गाठ धरली की ती गरम लागते, गाय लाथ झाडते, दुधात गुठळ्या येतात. हे ज्ञान तिला बापाच्या गोठ्यापासूनचं. दीड वर्षापूर्वी अंघोळ करताना तिच्या स्वतःच्या डाव्या छातीत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. थंड होती, दाबली तरी दुखत नव्हती. मग घाबरायचं कशाला? गायींचं शहाणपण तिनं स्वतःला लावलं आणि तिथंच फसली.

तरी मनाला बरं वाटावं म्हणून ती बाजाराच्या तोंडाशी लेपवाल्याकडे गेली. त्यानं गाठीला हातसुद्धा न लावता सांगितलं, "दुधाची गाठ आहे, विरघळेल. सुरीखाली गेलीस तर मात्र अंगभर पसरेल." नऊ महिने तिनं तो हिरवा लेप लावला. वाटाण्याचं लिंबू झालं, वरची कातडी आत ओढली गेली, तेव्हा नवऱ्यानं तिला जवळजवळ उचलूनच शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण म्हणाली, "बाई, दुखत नाही म्हणून गाठ घरात ठेवायची नसते. उलट तीच आधी दाखवायची. तेव्हाच आला असतात तर कदाचित नुसती गाठ काढून भागलं असतं."

आता छातीची डावी बाजू सपाट होती. सलायनीतल्या औषधानं केस गेले होते, ते आता कुठं कापणी झालेल्या शेतातल्या खुंटांसारखे वर येत होते. जीव वाचला, पण तपासणीला अजून जावं लागे. आणि धारा काढता काढता रोज तिच्या मनात एकच येई, ह्या माणसाचं दुकान बसलेलं बघायचं. नवरा म्हणे, "सोड आता." ती म्हणे, "तुमची छाती कापलेली नाही."

त्याच दुपारी गोठ्याच्या दारात सावली पडली. बघते तर लेपवाल्याची बायको. पदर तोंडावर, नजर जमिनीत.

"वहिनी, एक विचारायचं होतं. तो दवाखाना... कुठल्या दारानं जायचं? कागद कुठले लागतात?"

"कोणासाठी?"

बायकोनं काखेजवळ हात नेला. गवळण शेणाचं घमेलं खाली ठेवून उभी राहिली.

"मग लेप लाव की. घरचाच तर आहे."

"मीही ह्यांना तेच म्हटलं. लेपानं काही व्हायचं नाही म्हणाले, शहरात जा. पण माहेरी चालले म्हणून सांग, कोणाला कळू देऊ नकोस."

गवळणीच्या कानात गरम वारा शिरल्यासारखं झालं. म्हणजे त्याला ठाऊक होतं! अडाणीपणानं केलं असतं तर एक वेळ माफ करता आलं असतं. लोकांच्या बायकांना पाला, आणि आपलीला डॉक्टर.

"नऊ महिने लाव तूही," ती दात खाऊन म्हणाली. "दहाव्या महिन्यात ये. मग सांगते दार कुठलं ते."

बायको हलली नाही. "बोला. तुमचा हक्कच आहे. तुमचा लेप मीच वाटायचे, वहिनी. ह्याच हातांनी. मला वाटायचं, गुण येतो."

ती रडली असती तर गवळणीनं तिला हाकलून दिलं असतं. पण ती नुसतीच हात पुढं धरून उभी राहिली. बोटांच्या पेरांत हिरवा रंग कायमचा मुरला होता. गवळणीनं ते हात धरून उलटसुलट करून बघितले.

"उद्या सकाळी तीनचाकीतून दूध घेऊन शहरातल्या डेअरीला जाते, तेव्हा नेते तुला," ती शेवटी म्हणाली. "पण पुढच्या सीटवर बसायचं. पदर तोंडावर घ्यायचा नाही. आणि गाडी बाजारातून जाणार, तुझ्या दुकानासमोरून. कबूल असेल तर ये."

दुसऱ्या दिवशी ती आली. तोंड उघडं.

गवळणीनं तीनचाकी मुद्दाम बैलाच्या चालीनं हाकली. लेपवाल्याच्या बाकावर आठ-दहा माणसं बसली होती. तो हातात वाडगा घेऊन एका म्हातारीच्या गुडघ्याला लेप फासत होता. बायको दिसली तसा त्याचा हात थबकला. गवळणीला एवढंच हवं होतं. लोकांनी बघावं, आपसांत विचारावं, पुढचं गावाची तोंडं करतील. ती गाडी पुढं काढणार, तोच बायकोनं तिचा दंड धरला.

"थांबवा."

ती उतरली आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, मला गाठ आहे. लावा लेप."

"घरात चल," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"घरात कशाला? ह्यांना लावता तसा इथंच लावा, दंडावर का होईना. लावा आणि म्हणा, बरी होशील."

"ऊन लागलंय हिला. काहीबाही बरळतेय."

"परवा मला काय म्हणालात? लेपानं काही व्हायचं नाही, शहरात जा. म्हणालात का नाही? खोटं असेल तर बुडवा बोटं."

लेपवाल्यानं वाडग्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि बोटं सदऱ्याला पुसली.

म्हातारीनं गुडघा मागं ओढला. जवळच्या बादलीतलं पाणी घेऊन, काही न बोलता, ती लेप धुवायला लागली.

इतके महिने गवळणीनं ह्या घडीसाठी शिव्या जमवून ठेवल्या होत्या. त्यातली एकही तिला द्यावीशी वाटेना. ती गाडीतून उतरली, डोक्याचा रुमाल सोडला आणि बाकासमोर उभी राहिली.

"माझं बघून घ्या सगळ्यांनी. माझीही गाठ दुखत नव्हती. छातीत, मानेत, काखेत, कुठंही गाठ असेल, थंड असो की गरम, त्यानं गाडीत चढावं. मी कॅन सरकवते. दार कुठलं, कागद कुठले, सगळं मला पाठ आहे."

आधी लोहारीण उठली. मग तिच्यामागून मान धरून बसलेला सुतार उठला. एक तरुण सून सासूकडे बघत घुटमळली, तर सासूच म्हणाली, "बघतेस काय, चढ."

लेपवाल्याची दया आली का तिला? नाही आली. खोटं कशाला सांगा! आपल्याच दारात तो उघडा वाडगा धरून एकटा उभा होता, आणि गवळणीनं भर बाजारातून गाडी अशी पळवली की मागचा सगळा फुफाटा त्याच्या वाडग्यात जाऊन बसला.