अमित/अमिता आणि इतर आठ

पाठवणाऱ्याचा पत्ता

फाटा. गावचा रस्ता इथे संपतो आणि बोईसरचा डांबरी रस्ता सुरू होतो. बोईसर नऊ किलोमीटर, दहावीच्या परीक्षेचं केंद्र तिथेच. सकाळच्या रिक्षा येतात त्या कंपन्यांच्या माणसांनी ठासून भरलेल्या, चौथा माणूस ड्रायव्हरच्या मांडीवर. गेल्या वर्षी हिमानीचा भाऊ दिपेश इथेच हात करत उभा राहिला, इंग्रजीच्या पेपरला चाळीस मिनिटं उशिरा पोचला आणि नापास झाला. आता तो बापाबरोबर बोटीवर जातो.

यंदा दहावीला हिमानी. आणि गावातली आणखी आठ पोरं.

आणि रोज नऊ वाजता, रात्रपाळीची माणसं तारापूरला सोडून, कंपनीची निळी बस याच फाट्यावरून बोईसरला परत जाते. रिकामी! एकूण एक खिडकी रिकामी!

विषय

एका शनिवारी हिमानी सरळ रस्त्यात उभी राहिली. ब्रेक किंचाळले.

"मरना है क्या?" ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. चंद्रभान नाव त्याचं, खिशावर बिल्ला होता.

"काका, पुढच्या आठवड्यापासून आमची परीक्षा हाय. आमाला न्या ना. गाडी तर रिकामीच जाते."

"बाहर का आदमी नहीं बिठा सकता. लिखित परमिशन लाओ मॅनेजर साहब की."

"लिहू की!"

"मराठी में नहीं. साहब को मराठी नहीं आती. अंग्रेजी में लिखना."

हिमानी फाट्यापासून शाळेपर्यंत पळाली. राजनंदिनी मॅडमचा शनिवारचा जादा तास चालू होता.

"मॅडम, पत्र लिहायचंय!"

"मग? पाच मार्कांचं तर आहे."

"मार्कांचं नाय. खरं!"

मॅडमच्या हातातला खडू खाली पडला. मॅडम मूळच्या कोल्हापूरकडच्या, वडील तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरीला म्हणून इकडे आलेल्या, आवाज असा की मागच्या बाकावरची झोप उडावी. त्या ओरडल्याच, "पुस्तकं मिटा रे सगळे! वीस पत्रं पाठ केलीत, एक तरी कधी कुणाला पाठवलंय?"

मायना

हिमानीने झरझर इंग्रजीत लिहून आणलं, अर्थ असा: आदरणीय महोदय, आपले लक्ष एका गंभीर समस्येकडे वेधण्यास मला अत्यंत आनंद होत आहे...

"समस्येचा आनंद होतोय तुला?" मॅडमनी विचारलं.

"गाईडमधे तसंच हाय."

"गाईडला कुठं जायचंय बोईसरला? ड्रायव्हरकाकांना काय म्हणालीस ते सांग. तुझ्या भाषेत."

"गाडी रिकामी जाते. आमी नऊ जण हाव. आमाला न्या."

"बास! हेच. एका वाक्यात एक गोष्ट. आता इंग्रजीत."

मजकूर

पहिला खर्डा. दुसरा. चौथा. आठांतला जितेश म्हणाला, बसची वेळ लिही. शेजारी बसणारी पूर्वी म्हणाली, आपण किती जण ते आकड्यात लिही, साहेबांना आकडे आवडतात. मेघाली म्हणाली, दिपेशचं लिही. हिमानीने दिपेशचं लिहिलं, एकाच ओळीत, आणि ती ओळ लिहिताना तिने शब्दकोश उघडलासुद्धा नाही.

संध्याकाळी ती दांडीवर वाळत घातलेले बोंबील काढता काढता आईला पत्राचा अर्थ सांगत होती.

हंसाबाई म्हणाल्या, "यो पण लिव, आमी मासली घेऊन नाय चढत. नायतर सायेब वासाच्या भीतीनंच नाय म्हनेल."

"आई! असं कुणी लिहितं का इंग्रजीत?"

"का? इंग्रजाला नाक नाय?"

हिमानीने लिहिलं. मॅडम वाचून इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग त्यांनी डोळे पुसून त्या ओळीखाली लाल रेघ न मारता बरोबरची खूण केली. हिमानीच्या इंग्रजीच्या वहीतली ती पहिली खूण.

सोमवारी नऊ वाजता लिफाफा चंद्रभानच्या हातात.

(खाडाखोड)

मंगळवारी चंद्रभानची पाळी बदलली. आता दुसराच ड्रायव्हर यायचा आणि हात केला तरी धुरळा उडवून निघून जायचा. बुधवारी तेच. मॅडमनी कंपनीच्या गेटवर फोन लावला तर पहारेकरी म्हणाला, साहब मीटिंग में है.

गुरुवारी, म्हणजे पेपरच्या आदल्या दिवशी, हिमानी सराव म्हणून एक पत्र लिहीत होती. शेवटी आली आणि सवयीनं हात चालला: आपला/आपली विश्वासू, अमित/अमिता.

पेन थांबलं.

सोमवारच्या पत्रावर सही काय केली होती?

प्रश्नपत्रिकेत नेहमी असतं, तुम्ही अमित किंवा अमिता आहात अशी कल्पना करा. वर्षभर सगळ्यांनी तीच सही केली होती. मॅडमनी पत्र दहा वेळा तपासलं, पण सहीवर कुणाची नजर थांबते?

"मॅडम, खऱ्या पत्राखाली मी खोटं नाव घातलंय," ती फोनवर म्हणाली. "तेही दोन. मधे तिरकी रेघ."

मग मॅडम म्हणाल्या, "उद्या साडेआठला सगळे फाट्यावर. नऊला बस नाही थांबली तर चालायला लागायचं. मी येते बरोबर."

सही

नऊ पोरं, एक मॅडम, हंसाबाई. नऊ वाजले. नऊ पाच. जितेशने बुटांच्या नाड्या आवळल्या.

वळणावर निळं काहीतरी चमकलं.

बस हळू झाली. आणखी हळू. थांबली! दार उघडलं आणि पुन्हा याच पाळीवर आलेला चंद्रभान हातात कागद घेऊन पायरीवर उभा.

"ए, ये अमित ऑब्लिक अमिता कौन है?"

सगळ्यांनी हिमानीकडे पाहिलं.

"साहब ने परमिशन दिया है. लिखा है, अमित ऑब्लिक अमिता और आठ लोग. मासे नाहीत." शेवटचे दोन शब्द त्याने मराठीत म्हटले आणि स्वतःच हसला. "ऑफिस में सबको पढ़ के सुनाया साहब ने. हॉल टिकट दिखाओ, अमिता कौन?"

"मी," हिमानी पुढे झाली. हॉल टिकिटावर हिमानी एकनाथ तामोरे. चंद्रभानने कागदाकडे पाहिलं, तिकिटाकडे पाहिलं, डोकं खाजवलं.

"नाम अलग है बेटा. मेरी नौकरी का सवाल है. लिखित में दो."

"आत्ता?"

"अभी. अंग्रेजी में."

हात पाठीमागे बांधून मॅडम दोन पावलं मागे सरल्या.

हिमानीने कागद बसच्या तापलेल्या पत्र्यावर टेकवला. गाईड नाही, खर्डा नाही, वेळ नऊ दहा. एका वाक्यात एक गोष्ट. साहेब, ते पत्र मी लिहिलं. ते नाव परीक्षेतलं आहे. माझं नाव हिमानी. आम्ही नऊच आहोत, आणि मासे नाहीत.

खाली सही. एकच नाव, पूर्ण, आडनावासकट.

चंद्रभानने ओठ हलवत वाचलं, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि दारातून बाजूला झाला.

"चलो, अमिता!"

नऊच्या नऊ पोरं एकदम दारात घुसली आणि अडकली. हंसाबाई मागून ओरडल्या, "हळू रे! धा मिंटं लिवण्यात घालवली, आता दार मोडू नका त्याचा!"

बस सुटली. नऊ खिडक्यांत नऊ डोकी.