सेलाच्या उशाला दिवा

जळकोटच्या फाट्यावर आयुबचं दुकान. जुन्या बॅटरीत एलईडी बसवावा तर आयुबनंच, असं पंचक्रोशीत बोललं जायचं. बोलणारा बहुतेक वेळा आयुबच असायचा, ते सोडा. जुने बल्ब मिळेनासे झाल्यापासून लोक बापाच्या वेळच्या बॅटऱ्या फडक्यात गुंडाळून त्याच्याकडं आणत होते. तसाच एक दिवस बलभीम आला, वडिलांची तीन सेलची पितळी बॅटरी घेऊन.

आयुबनं बल्ब काढला, तारांना डाग देऊन एलईडी बसवला अन् शटर अर्धं ओढून बटण दाबलं. मागची भिंत लख्ख उजळली. बलभीम मिशीत हसत घरी गेला अन् दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आला. पेटंना म्हणाला. आयुबनं टोपण काढलं, सेल भडाभडा टेबलावर ओतले, पुसून परत भरले. पेटली की! पण घरी नेली की पुन्हा अंधार. तिसऱ्या खेपेनंतर बलभीम चहाच्या टपरीवर बसून सांगायला लागला की आयुबची बॅटरी सासुरवाशीण हाय, माहेरी हसती अन् सासरी तोंड फुगवती. टपरी खदखदली. ज्यांनी बॅटऱ्या दुरुस्तीला टाकल्या होत्या ते तशाच परत न्यायला लागले. आयुबच्या इज्जतीचा भर चौकात पंचनामा चालला होता, अन् त्याला लई झोंबलं.

तो तडक बलभीमच्या घरी गेला. अंगणात बलभीमची आई, कडूबाई, पुढ्यात सूप घेऊन बसलेली. सुपात तीन सेल वाळत होते. रोज ऊन दाखवलं की सेलात जीव येतो, हा म्हातारीचा जुना नेम. आयुबच्या डोळ्यांदेखत तिनं एकेक सेल उचलला अन् उलटा बॅटरीत सोडला, बोंड बुडाकडं करून. जुना बल्ब बापडा, सेल कसेही घाला, पेटायचा. एलईडी पडला नवाबाची औलाद, त्याला उलटं चालत न्हाय.

"मावशी, सेलाचं डोकं दिव्याकडं पायजे," आयुब म्हणाला.

"उशाला दिवा मढ्याच्या असतो," कडूबाई म्हणाली. "जित्या सेलाचं मढं करू व्हय?"

म्हातारीला समजावण्यापेक्षा विजेला समजावणं सोपं होतं. बॅटरी दुकानात नेऊन आयुबनं एलईडीच्या दोन्ही तारा उलट्या जोडल्या. कडूबाईच्या हातानं बॅटरी झक्क पेटली.

टपरीवर बलभीमनं जाहीर केलं की आयुबला काम येत नव्हतं, आईनं शिकवलं. आयुबचं डोकं तापलं, पण गिऱ्हाईक परत यायला लागलं होतं, म्हणून त्यानं राग चहाबरोबर गिळला. कडूबाईची रीत गावात बऱ्याच बायकांनी उचललेली, हेही त्याला त्याच आठवड्यात कळलं.

आता कुणी बॅटरी पुढं केली, की आयुब स्क्रू-ड्रायव्हरला हात लावायच्या आधी विचारतो, "तुमच्यात सेल कुणीकडं डोकं करून झोपतेत?"