जिभेला चिकटणारं हाड

“दात काढून ठेवू काय गो, सुरुची?” नॉर्मन अंकलनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता कवळी काढून रुमालात गुंडाळली. मी कापसाची काडी त्यांच्या गालाच्या आतून फिरवली. परळच्या या संस्थेतली हाडं ज्यांनी एकोणचाळीस वर्षं सांभाळली, त्यांच्याच तोंडातून मी पुरावा गोळा करत होते.

“माझाच निघंल बघ,” कवळी परत बसवत ते म्हणाले. “जनमभर हाडं चाटली.”

तेही खरंच होतं. दगड जिभेला चिकटत नाही, जुनं हाड चिकटतं. तीस वर्षांपूर्वी एका गुहेतल्या दगडांच्या ढिगातून रानघोडीची कवटी त्यांनी अशीच जिभेने ओळखून काढली होती.

“पण तू बोललीस तवापासून सोडलं हां. तंबाखू सुटली नाय, हे सुटलं.”

हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा उत्तरेच्या टोकाला आशिया आणि अमेरिकेमध्ये जमीन उघडी पडली होती. तिच्यावरून घोडे कळपाकळपाने आले आणि गेले. आमची घोडी त्यातल्या कुठल्या कळपाची, हे तिच्या कानाच्या आतल्या टणक हाडातला डीएनए सांगणार होता. आपल्या उन्हात तो टिकला तर तिथेच टिकतो. नॉर्मन अंकलनी दोन-दोन हातमोजे घालून, श्वास रोखून ते हाड कापून काढलं. मी त्याची भुकटी करून परदेशात पाठवली. रिपोर्ट आला तो असा, की डीएनएत घोडी नावाला आणि बाकी सगळा माणूस. पुरुष.

कोण, ते मला माहीत होतं.

आमचे विभागप्रमुख डॉ. शंतनु. नॉर्मन अंकल बहिणीच्या मयताला वसईला गेले होते त्या दिवशी पाहुणे आले. दोन खंडांमधला प्रवास सरांनी हातवारे करून समजावला. पाहुणे जांभया देऊ लागले, तशी सरांनी हाडाची डबी उघडली, नुकतंच कापलेलं ते हाड उचललं आणि जीभ लावली. “बघा, चिकटतं!” टाळ्या पडल्या. मी ट्रे धरून उभी.

माझी मनवा अकरा महिन्यांची आहे. चप्पल, रिमोट, चावी, हाताला लागेल ते तोंडात. दिवसभर मी तिच्या मागे “छी, छी” करत धावते. पण तिला कोणी डॉक्टरेट दिलेली नाही, आणि आपण चाटलेलं ती दुसऱ्यावर ढकलत नाही.

“वरचा थर खरवडून घे, होतं,” सर मला म्हणाले होते. मी खरवडलं. माझं कंत्राट मार्चपर्यंतचं. पाळणाघराच्या बाई चांगल्या मिळाल्यात. असल्या कारणांनी मी गप्प बसले. म्हणजे तुच्छ माणसांच्या रांगेत सरांच्या शेजारी मलाही जागा आहेच.

रिपोर्टशी कोणाकोणाचे नमुने ताडायचे म्हणून हाड हाताळलेल्या पुरुषांची यादी मी केली तेव्हा पहिलं नाव सरांचं लिहिलं. त्यांनी ते खोडलं. “अगं, मी ग्लव्हजशिवाय हात लावतो का कधी?”

हात लावला असता तर बरं झालं असतं.

दहा दिवसांनी कापसाच्या काडीचं उत्तर आलं. तो माणूस नॉर्मन अंकल नव्हते.

“इनकन्क्लुझिव्ह,” सर म्हणाले. मराठीत याला हात झटकणं म्हणतात. अहवालात मात्र त्यांनी ‘भांडारातील जुन्या पद्धतीच्या हाताळणीमुळे नमुना दूषित’ असं ठोकून दिलं. निवृत्तीनंतर नॉर्मन अंकलना दर वर्षी मिळणारी मुदतवाढ यंदा मिळाली नाही.

शेवटच्या दिवशी ते भांडारात कवटीचा ड्रॉवर उघडून बसले होते. प्रत्येक हाडाचं एक कार्ड असतं. कोणी काढलं, कधी, कशासाठी, सही. ही त्यांचीच शिस्त. त्यांची कापल्याची नोंद होती, खाली माझी भुकटीची. मधली एक ओळ कोरी.

“ही का सोडलीत?”

“वसईवरून आलो तर डबीचं झाकण उलटं. माझा हात तसा बसवीत नाय, तुझा पण नाय.” त्यांनी चष्मा पुसला. “कोणीतरी भरील म्हणून ठेवली.”

“सरांना बोलला का नाहीत?”

“मी बघितलं नाय ना गो बाय. जो बघंल त्यानं बोलायचं.”

मी पेन उघडलं. पाळणाघर, मार्च, सगळं डोळ्यांसमोर येऊन गेलं. लिहिलं: डॉ. शंतनु. पाहुण्यांना दाखवण्यासाठी जीभ लावली. मी तिथे होते. सही.

त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचलं.

“तारीख ऱ्हायली.”

मी तारीख घातली.

शाई ओली होती. फुंकर मारायला त्यांनी तोंड पुढे नेलं, आणि थबकले. कार्ड लांब धरून हाताने सावकाश वारा घातला. ते वाळल्यावर घोडीच्या कवटीखाली सरकवलं आणि ड्रॉवर बंद केला.