चांगले, वाचन वाढवा

‘आमच्या संस्थेत प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रत्येक कौशल्याबद्दल वेळेवर, नेमका आणि उपयुक्त अभिप्राय मिळतो.’ रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात हे वाक्य ठळक अक्षरांत छापले होते. चौकशीसाठी बाहेरून बोलावलेल्या वयस्क डॉक्टर बाईंनी ते दोनदा वाचले आणि एका निवासी डॉक्टर मुलीची चौसष्ट अभिप्राय-पत्रके पुढे ओढली.

‘वेळेवर’चा निकाल पाच मिनिटांत लागला. सगळी पत्रके विभागप्रमुखांनी दर महिनाअखेरीला, साऱ्या विभागाच्या गठ्ठ्यासकट, एकाच बैठकीत भरलेली. संगणकाने वेळ नोंदवून ठेवली होती. त्याला कोणाची भीड नव्हती. ‘नेमका’ त्याहून अल्पायुषी ठरला. त्रेसष्ट पत्रकांवर एकच मजकूर होता: ‘चांगले. वाचन वाढवा.’ चौसष्टाव्यावर नुसतेच ‘चांगले’. बहुधा चहा आला असावा. उरला ‘उपयुक्त’. एका पत्रकात ज्या दिवशीच्या कामाचे कौतुक होते, त्या दिवशी ही मुलगी शस्त्रक्रियागृहात होती खरी, पण टेबलावर आडवी, स्वतःचे अपेंडिक्स काढून घेत.

ती भूलशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. पाठीत सुई देऊन भूल देणे तिला शेवटच्या चाचणीत तीनदा जमले नाही, म्हणून विभागप्रमुखांनी तिचे वर्ष रोखले होते. तिची तीन वर्षांची मुलगी थोरल्या बहिणीकडे वाढत होती आणि हल्ली मावशीलाच आई म्हणू लागली होती. आणखी एक वर्ष म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. नियम मात्र साधा होता: उणीव आधी कळवलेली नसेल, तर वर्ष रोखता येत नाही.

“हात बसलेला नाही तिचा,” विभागप्रमुख म्हणाले. निवासी डॉक्टर त्यांना पाठीमागे ‘वाचनसाहेब’ म्हणत.

“हे तिला कधी सांगितलंत?”

“सांगायचं काय त्यात? अडली की सुई मी हातात घ्यायचो. शहाण्याला शब्दाचा मार.”

“म्हण बरोबर आहे, सर. फक्त तुम्ही तिला शब्द तेवढा दिला नाहीत.”

कोपऱ्यात टिपण घेणाऱ्या कारकुनाला एकाएकी खोकला आला.

“मॅडम, मी विचारलं होतं,” मुलगी हळूच म्हणाली. “दोनदा. सर म्हणाले, होईल हळूहळू.”

बाईंनी सरावाची रबरी पाठ टेबलावर मांडायला सांगितली. मुलीने हातमोजे चढवले, उभ्यानेच वाकून मणक्यांमधली जागा चाचपली, सुई घातली. सुई हाडावर अडली. दुसऱ्यांदाही अडली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“थांब. अगं, तू वरून बघतेस, म्हणून तुला सुई सरळ वाटते. ती खाली झुकलीय. स्टूल घे, बस. डोळे सुईच्या पातळीला आण. हं, आता.”

मुलगी बसली. तिने सुई घातली, थांबली, आतली तार ओढली. सुईच्या तोंडाशी पाण्याचा स्वच्छ थेंब आला, म्हणजे सुई नेमक्या जागी पोचली होती. तिने आपण होऊन पुन्हा केले; पुन्हा थेंब आला. तिसऱ्यांदाही आला. चौथ्यांदा तिला सुई नीट दिसेना, कारण डोळे भरून आले होते.

बाईंना आनंद झाला नाही. त्यांना संताप आला, आणि त्यांचा संताप नेहमीच फार सभ्य असे. तीन वर्षे या मुलीला वाटत होते की आपले हातच नालायक आहेत. आणि औषध होते एक स्टूल.

“सर, ती उभ्यानं सुई देते, हे तुमच्या कधी लक्षात आलं?”

विभागप्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वीस वर्षे लोकांच्या श्वासावर नजर ठेवलेला तो माणूस होता. न दिसल्याचे सोंग त्याला शोभले नसते, आणि ते त्याने घेतलेही नाही. तो बोलू लागला तसे बाईंनी कारकुनाला खूण केली, “शब्दाला शब्द लिहा.” मुलीचे वर्ष ज्याने वाचले, ते निवेदन इतिवृत्तात असे आहे:

“पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं होतं. सांगितलं असतं, तर ती चुकत, शिकत बसली असती आणि दिवसाच्या ऑपरेशनांची यादी लांबली असती. सुई हातातून घेणं सोपं होतं. आणि वाचन वाढवा असं लिहिलं की कोणी उलट प्रश्न विचारत नाही.”