नितेशच्या शेजारची सीट

मित्रांनो, मी चिपळूण ते लोटे धावणाऱ्या एका कंपनीच्या बसमधली जुनी सीट आहे. सध्या गॅरेजच्या मागे भंगारात पडून असते. रेक्झिन फाटलंय, आतला फोम केव्हाच दबलाय. पाऊस पडला तरी मला काही वाटत नाही, ऊन पडलं तरी नाही. माझी गोष्ट लहानच आहे, ऐकून जा.

नवी होते तेव्हा माझ्यासाठी भांडणं व्हायची. बस थांबायच्या आधीच खिडकीतून रुमाल आत पडायचे. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा आमच्या बसचा कायदा. मग माझ्या शेजारी, खिडकीकडे, नितेश बसू लागला आणि माझ्यावर रुमाल पडायचे बंद झाले.

नितेश केमिकल प्लांटवर कामाला. सकाळी अंघोळ करून आला तरी त्याचा शर्ट काखेत भिजलेला असायचा. पाळी संपवून परतताना तर पाठसुद्धा ओलीचिंब. आणि वास यायचा, खोटं कशाला सांगू? आधी त्याच्याच कंपनीतला हर्षद माझ्यावरून उठून पुढे गेला, मग बाकीचे. तोंडावर कुणीच काही बोललं नाही. घाटातली वळणं उभ्याने काढायचे, पण माझ्यावर बसायचे नाहीत. शेवटी नितेश माझ्यावर डब्याची पिशवी ठेवू लागला, म्हणजे जागा रिकामी दिसू नये. सुरुवातीला मला वाईट वाटलं. पुढे तेही वाटेनासं झालं. तोही वाटभर खिडकीबाहेर बघायचा, पण बघत काहीच नसायचा.

एका दुपारी कँटीनमध्ये नव्याने लागलेल्या हौसामावशी बसमध्ये चढल्या.

"नितेश, ती पिशवी उचल बघू."

"मावशी, पुढं बसा की. पुढं हवा लागते."

"माझे गुडघे दुखतायत. उचल."

त्या बसल्या. बस सुटल्यावर त्याच्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "रागावू नको हां. तुझ्या अंगाला वास येतो. कुणी सांगितलान नाय काय तुला?"

नितेश खिडकीकडे बघत म्हणाला, "मला वाटायचं, मी कुणाशी फार बोलत नाय, म्हणून लोक बसत नसतील."

"आणि घरी?"

"बायको, स्वप्ना, म्हणते, कंपनीचा वास. लोट्याला जाणाऱ्या सगळ्यांच्याच कपड्यांना येतो. आणि माझं नाक तर प्लांटवरच मेलंय."

असं झालं होतं बघा. घरचे म्हणत वास कंपनीचा, कंपनीतले पाठीमागे म्हणत वास त्याचा, आणि त्याला स्वतःला तो येतच नव्हता.

"आमच्या मृणालीचे हात असेच पाझरायचे," मावशी म्हणाल्या. "परीक्षेत पेपर भिजून जायचा. पोरगी चारचौघांत हात लपवून बसायची. आजार असतो तो, औषध मिळतं. चामडीच्या डॉक्टरला दाखव. लाजतोस काय?"

तो गेला. पुढच्या आठवड्यात मावशींना सगळं सांगत होता. घामाला मुळात फारसा वास नसतो, तो अंगावर नि कपड्यात मुरला की जंतूंमुळे येतो. हा सकाळी ओल्या अंगावर सेंट मारायचा, त्याचा काही उपयोग नव्हता. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, ते रात्री झोपताना, काख अगदी कोरडी करून लावायचं. सुती बनियन घालायचं, मधल्या सुट्टीत बदलायचं, आणि धुतलेले कपडे पूर्ण वाळल्याशिवाय अंगात घालायचे नाहीत.

हळूहळू घाम कमी झाला. वास गेला. त्याने पिशवी मांडीवर घ्यायला सुरुवात केली आणि मी मोकळी राहिले. मावशी बसमध्ये असल्या की बसायच्या. त्यांची कामाची पाळी बदलली आणि मी पुन्हा रिकामी. वास गेला होता, लोकांची सवय गेली नव्हती. नितेश दर थांब्यावर चढणाऱ्यांकडे एकदा बघायचा आणि मग खिडकीकडे वळायचा. मला वाटलं, आता हा पिशवी परत ठेवणार.

एक दिवस पाळी सुटल्यावर बस खच्चून भरली. हर्षद दांडी धरून उभा होता, दोन पाळ्या लागोपाठ करून आलेला, घामाने निथळत. डोळे मिटत होते.

"हर्षद, बस ना," नितेश म्हणाला.

हर्षदने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या भिजलेल्या शर्टाकडे. "मला घाम आलाय रे."

"असू दे. बस."

तो बसला. परशुराम घाट उतरेपर्यंत त्याला गाढ झोप लागली आणि डोकं नितेशच्या खांद्यावर टेकलं. नितेश ताठ बसून राहिला. त्याचा थांबा आला. ड्रायव्हरने आरशातून बघून हाक मारली. नितेशने नुसता हात हलवला, पुढे चला म्हणून. थांबा मागे पडला तरी त्याने खांदा हलवला नाही. त्या दिवशी, मित्रांनो, मला फार बरं वाटलं. त्यानंतर तसं काही वाटल्याचं आठवत नाही.

एवढंच मागणं आहे. आपलं अंग, आपले कपडे स्वच्छ ठेवा, आणि तरी घाम आवरत नसेल तर न लाजता डॉक्टरांकडे जा. दुसऱ्या कुणाला तसा त्रास असेल तर त्याला बाजूला घेऊन हळू सांगा. नुसते उठून जाऊ नका. नितेश इतके दिवस माझ्या शेजारी बसत होता, पण लोक का बसत नाहीत ते मला त्याला सांगता येत नव्हतं. तुम्हाला येतं.