परस्पर दिलेला निरोप

हाफटाइमला लाउडस्पीकरवरून स्वतःचं नाव ऐकलं आणि व्हर्नेटा प्रुइटची पाण्याची बाटली तोंडाशीच थांबली.

"आठ वर्षं आपल्यासाठी धावलेली आपली लाडकी रनिंग बॅक, चेंडू घेऊन पळणारी आपली वाघीण, आज तिचा शेवटचा सामना खेळतेय. होऊन जाऊ द्या टाळ्या!"

लोक उभे राहिले. पिरोगीच्या, म्हणजे उकडलेल्या करंज्यांच्या, टपरीवरच्या बायकासुद्धा हात पुसत बाहेर आल्या. कोच हचिन्स मैदानाच्या मधोमध गुलाबांचा गुच्छ घेऊन हसत उभे होते. सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त जिचा निरोप होता तिला कोणी विचारलं नव्हतं.

हचिन्स याच मोसमात आले होते. शाळेतल्या पोरांना जन्मभर हा चेंडू हातात घेऊन धावायचा अमेरिकन फुटबॉल शिकवून निवृत्त झालेला माणूस. बायकांचा संघ म्हणजे त्यांना म्हातारपणीचा विरंगुळा. आल्या आल्या त्यांनी वाटण्या करून टाकल्या. केलिन बावीस वर्षांची, पायाला भिंगरी. चेंडू घेऊन धावायचं तिनं. व्हर्नेटा अडतीस वर्षांची. तिनं पुढे होऊन समोरच्यांना अडवायचं आणि केलिनला वाट करून द्यायची. दिवसभर शाळेची बस चालवून ती सरावाला यायची आणि केलिनच्या वाटच्या धडका स्वतःच्या खांद्यावर घ्यायची. त्याची तिला लाज नव्हती. अडवणं हेही कामच आहे. पण तिला झेलही उत्तम घेता येत होते, आणि ते बघायला या गृहस्थांना सवड नव्हती.

"कोच, एकदा मला कडेला उभं करून बघा," ती एप्रिलपासून सांगत होती.

"कडेला झेल घेणाऱ्या उभ्या राहतात, व्हर्न. जिथली वस्तू तिथेच बरी."

त्यामुळे झालं काय, की आख्ख्या ओहायोला या संघाची चाल पाठ झाली. व्हर्नेटा आत आली की चेंडू मधूनच जाणार. आज समोर शेजारच्या एरी गावचा संघ होता. त्यांची ती दांडगी बचावपटू व्हर्नेटा दिसली की ओरडायची, "आजीबाई आली गं! सगळ्या मधे या!" आणि केलिन बिचारी माणसांच्या ढिगाऱ्यात नाहीशी व्हायची. संघ चार गुणांनी मागे पडला होता.

व्हर्नेटानं जाऊन माइक हातात घेतला.

"फुलं सुंदर आहेत. कोणाचं लग्न आहे का?" लोक हसले. ती हसली नाही. "मी कुठेही चाललेली नाही. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी मला विचारलं नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगते. मी खेळणार आहे." तिनं गुच्छाला हातही लावला नाही.

"चारचौघांत तोंडावर पाडलंस मला," हचिन्स दातओठ खात म्हणाले.

"तुम्ही तर मला जिवंतपणीच पुरायला निघाला होतात."

"मग बस आता बाकावर!"

ती बसली. रागानं तिचे कान तापले होते. सामना संपत आला, केलिनला दम लागला, चार गुण काही फिटेनात. शेवटी हचिन्सनी तिच्याकडे न बघताच हात केला. "जा. अडव."

चाल ठरवायला जमलेल्या घोळक्यात शिरताच तिनं चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा, डॉट सोब्चॅकचा, दंड धरला. "डॉट, मी कडेला जातेय. माझ्याकडे फेक."

"कोचनी असं सांगितलं?"

"चेंडू कोणाच्या हातात असतो गं, कोचच्या की तुझ्या?"

डॉट खुदकन हसली.

व्हर्नेटा थेट कडेच्या रेघेजवळ जाऊन एकटीच उभी राहिली. एरीवाल्या खिंकाळल्या. "आजीबाई रुसली वाटतं!" तिला अडवायला एकही जण आली नाही. हचिन्सनी टोपी जमिनीवर आपटली. व्हर्नेटाला असा संताप आला, की डॉटनं फेकलेला चेंडू तिनं हवेतून अक्षरशः ओरबाडला. ती धावत सुटली आणि चेंडू पार नेला की गुण मिळतात त्या टचडाउनच्या रेघेपासून हाकेच्या अंतरावर एरीच्या दोघी तिच्या पाठीवर पडल्या तेव्हाच थांबली. मैदानभर तिच्या नावाचा गजर चालला होता.

घोळक्यात ती धापा टाकत म्हणाली, "मी परत कडेला जाते. आता त्या माझ्यामागे येतील. केलिन, तू मधून जा."

"तुला नको चेंडू?" केलिननं विचारलं. "सगळे तुझ्याच नावानं ओरडतायत."

"चेंडू घरी नेऊन काय करू मी? पळ तू."

"व्हर्न, आत ये!" हचिन्स बेंबीच्या देठापासून ओरडले. तिनं ऐकलं, आणि ती जागची हलली नाही.

या वेळी तिच्यासमोर दोघी आल्या. त्यातली एक ती दांडगी. "आजी, आता नाही मिळायचा हं चेंडू."

"नकोच आहे," व्हर्नेटा म्हणाली आणि खांदा घालून तिला असं दाबलं, की ती मागे वळूच शकली नाही. मधली मोकळी झालेली जागा केलिननं एका दमात पार केली. टचडाउन! सहा गुण! संघ दोन गुणांनी पुढे गेला आणि सामना संपेपर्यंतचे उरलेले काही क्षण टिकलाही.

सगळ्या पोरी केलिनवर तुटून पडल्या होत्या. हचिन्स व्हर्नेटापाशी आले. त्यांनी टोपीवरची माती झटकली.

"पुढच्या वर्षी," त्यांनी घसा खाकरला, "तू येणार असशील तर..."

"मी येणारच आहे," व्हर्नेटा हेल्मेटचा पट्टा सोडत म्हणाली. "तुम्ही येणार का, ते सांगा."