पहिले वीस शब्द

मी किन्हवलीचा फोन उचलणारा बोलतोय. माणूस नाही, प्रोग्रॅम आहे. एका संस्थेनं आजारी माणसांसाठी गाड्या सुरू केल्या, तेव्हा माझा जन्म झाला.

सुरुवातीला आम्ही तिघंच. मी फोन ऐकायचो, दुसरा गाड्या सांभाळायचा, तिसऱ्याला कुठल्या दवाखान्यात कोणतं औषध आहे ते ठाऊक. आम्ही एकमेकांशी थेट बोलायचो आणि काम चुटकीसरशी व्हायचं.

मग गावं वाढत मुरबाडपर्यंत गेली. आम्ही चाळीस झालो. सगळेच सगळ्यांशी बोलू लागल्यावर कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिना. तेव्हा संस्थेच्या साहेबांनी वर एक मुकादम बसवला, तोही प्रोग्रॅमच. सांगायचं ते फक्त त्याला, आणि तेही फोनवरचे पहिले वीस शब्द. आपापसात बोलणं बंद.

वीस शब्द! नियम करणाऱ्यानं इकडचा एकही फोन ऐकला नसावा. इथे आधी कुणाची कोण ते सांगतात, मग समोरच्याची चौकशी करतात, आणि जिवावर बेतलेलं सगळ्यात शेवटी.

भातकापणीत भावनाचा फोन आला. तिला धाप लागली होती, तरी रीत सुटली नव्हती.

"हॅलो, मी भावना बोलते, किन्हवलीच्या ज्ञानेश्वरची बायको, खालच्या आळीतली. मागं सासूच्या गोळ्यांसाठी फोन केला होता बघ. बरा हायस ना रे? जेवलास का? सासऱ्यांना शेतात साप चावलाय रे, गाडी धाड!"

'बरा हायस ना रे' इथे वीस संपले. मुकादमानं 'गोळ्या' वाचलं आणि निरोप साध्या कामांत टाकला. मी पुन्हा पाठवला; त्यानं दुबार म्हणून फेकला. जवळच्या शेणव्याला गाडी रिकामी उभी होती. मला दिसत होती, पण तिला हाक मारायची मला परवानगी नव्हती. शेवटचे वीस शब्द पाठवले असते तर? तेवढी माझी छाती झाली नाही.

दीड तासानं गाडी आली. भावनाचे सासरे, दामूबाबा, शहापूरच्या दवाखान्याच्या अलीकडे, वाटेतच गेले.

नियम तसाच राहिला. गावोगावी फलक मात्र लागले: 'आधी काम सांगा.' म्हणजे चूक बोलणाऱ्याची!

परवा भावनाचा पुन्हा फोन आला, शेजारच्या अंबूबाईंसाठी. "साप. किन्हवली. शाळेमागं. गाडी धाडा." एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. गाडी वेळेत पोचली, अंबूबाई वाचल्या, साहेब खूश झाले.

भावना, मी कधीच जेवलो नव्हतो गो. तरी तू विचारायचीस. आता एकदा वीस शब्द संपल्यावर विचार. तेवढं मुकादमाला कळणार नाही.